बैल हवा की गाढव?

बैल ओढतो आणि गाढव वाहतं, एवढी साधी गोष्ट आपल्याकडे शाळेचं तोंड न पाहिलेल्यालाही ठाऊक असते. गाढवाला नांगराला जुंपणं ही आपल्याकडे शेतीची नव्हे, एखाद्या गावावर सूड उगवण्याची रीत होती. पण हाच शहाणपणा घेऊन अमेरिकेत गेलेला माणूस ट्रॅव्हल ट्रेलर ओढायला पिकअप ट्रक घ्यायला निघाला, की पहिला प्रश्न विचारतो, "किती ओढतो?" आणि बहुतेक वेळा तोच त्याचा शेवटचा प्रश्नही असतो. माझं म्हणणं एवढंच, की हा प्रश्न चुकीच्या जनावराला विचारलेला आहे. प्रत्येक पिकअपच्या पोटात एक बैल असतो आणि एक गाढव असतं. जाहिरातीत दाखवतात तो बैल, आणि तो सहसा पुरून उरतो. भर हायवेवर आधी बसकण मारतं ते गाढव.

ट्रेलरचा मोह मराठी घराला का पडतो, हे समजायला फार डोकं लागत नाही. यलोस्टोन पाहायचं, पण सकाळचा चहा आपल्याच पातेल्यात आणि आपल्याच आल्याचा हवा. सार्वजनिक न्हाणीघरापुढे टॉवेल घेऊन रांगेत उभं राहायचं नाही. संध्याकाळी खिचडीवर तूप हवं. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे थोडक्यात वन-रूम-किचन, तेही चाकांवर आणि संडाससह. मुंबईत एवढ्या जागेत संसार झाले आहेत. तेव्हा ट्रेलरबद्दल माझी तक्रार नाही. घोळ होतो तो त्याच्यापुढे काय जुंपायचं, या प्रश्नावर. कारण हे वन-रूम-किचन भरल्यावर सहज ७,००० पौंडांचं, म्हणजे जवळजवळ ३,२०० किलोंचं होतं, आणि ते ट्रकच्या मागे नुसतं येत नाही. ते ट्रकवर बसतं.

इथेच बैलगाडीकडे बघावं लागतं. गाडीत माल मागच्या बाजूला जास्त झाला की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं आणि बैलाच्या गळ्याला फास बसू लागतो. म्हणून गाडीवान माल भरताना थोडा भार पुढे, बैलाच्या मानेवर येईल असा बेत ठेवतो. ट्रेलरचं नेमकं तसंच आहे. त्याच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या दांडीवरून ट्रकच्या पाठीवर यावाच लागतो. तो कमी पडला, तर ट्रेलर मागे शेपूट हलवायला लागतो. पासष्ट मैलांच्या वेगात, शेजारून अठरा चाकी ट्रक वारा कापत गेला की ही शेपूट कुत्र्यालाच हलवते. बरं, हा भार ट्रकच्या मधोमध पडत नाही. तो पडतो मागच्या चाकांच्याही मागे, अगदी टोकाला, तरफेसारखा. गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या लावून चढ चढणाऱ्या ट्रॅक्टरची पुढची चाकं अलगद हवेत गेलेली कोल्हापूर-सांगलीकडे कुणीही पाहिलेली असतील. ट्रकचं तितकं होत नाही. पण पुढचा भार हलका होतो, स्टिअरिंग पोकळ लागतं आणि रात्री हेडलाइट रस्त्याऐवजी झाडांवरची घरटी दाखवू लागतात. यावर भार वाटून देणारी, स्प्रिंगच्या दांड्यांची एक खास हिच, म्हणजे ट्रक आणि ट्रेलरमधली जोडणी, मिळते. ती मागचा काही भार पुढच्या चाकांवर आणि काही ट्रेलरच्या चाकांवर ढकलते. चांगली वस्तू आहे, जरूर घ्यावी. पण ती भार वाटून देते, ट्रकची पेलायची ताकद वाढवत नाही. शिवाय तिचं स्वतःचंच वजन ऐंशी-नव्वद पौंड असतं.

आता गाढवाची ताकद कुठे लिहिलेली असते ते सांगतो. ती माहितीपत्रकात शोधू नये. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडावं, कमरेत वाकावं, आणि दाराच्या खांबावर चिकटवलेलं पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं छोटं स्टिकर वाचावं. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर कधीही जाऊ नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. हा आकडा त्या मॉडेलचा नसतो, त्या एका ट्रकचा असतो. शेजारी उभ्या असलेल्या त्याच रंगाच्या ट्रकचा आकडा वेगळा निघू शकतो. समजा, तो १,५०० आहे. ट्रेलर ७,००० पौंडांचा, दांडीवर तेरा टक्के धरले तर ९१० पौंड. हिचचे नव्वद मिळवले, झाले हजार. चौकोनी कुटुंब ४८० पौंडांचं धरू; हा आकडा मी सभ्यतेने कमी धरला आहे. ट्रकच्या हौद्यात घडीच्या खुर्च्या, सरपण, जनरेटर, बर्फाची पेटी, आणि घरातल्या कुणीतरी आयत्या वेळी आणलेला वीस पौंड तांदूळ, असे २५० पौंड. बेरीज १,७३०. म्हणजे ट्रक फाटकाबाहेर पडायच्या आतच २३० पौंडांनी बुडाला. आणि अजून भारतातून आलेले आई-बाबा गाडीत बसायचेच आहेत. ते मिळून २८० पौंडांचे धरले, तर एकूण २,०१०; म्हणजे गाढवाच्या पाठीवर ५१० पौंड जादा. त्याच वेळी त्याच ट्रकच्या माहितीपत्रकात तो ११,००० पौंड ओढतो असं छापलेलं असतं आणि ट्रेलर तर ७,०००चाच आहे. बैल म्हणतो, अजून आणा. गाढव केव्हाच गुडघ्यावर आलेलं असतं.

गंमत अशी, की ट्रक जितका महाग, तितकं गाढव अशक्त. कारण उघड आहे. ट्रकने एकूण किती वजन घ्यायचं याला मर्यादा असते, आणि काचेचं छप्पर, मसाज करणारी चामड्याची सीट, दार उघडताच आपोआप खाली येणारी पायरी, हे सगळं त्याच मर्यादेतून वजा होतं. साध्या कापडी सीटचा, कामगाराच्या उपयोगाचा ट्रक पाठीवर जास्त घेतो. राजेशाही मॉडेलच्या स्टिकरवर १,४०० ते १,६०० पौंड दिसले तर नवल नाही. १,५०० पौंड म्हणजे ६८० किलो. आपल्याकडे २००५ साली बाजारात आलेला टाटा एस, ज्याला आख्खा महाराष्ट्र छोटा हत्ती म्हणतो, तो पाऊण टनाचा. म्हणजे भाजी मंडईत फ्लॉवरची पोती उतरवणारा छोटा हत्ती कागदावर या अमेरिकन ऐरावतापेक्षा जास्त वाहतो. महिंद्राच्या बोलेरो पिकअपचं १.७ टनांचं मॉडेल तर त्याच्या दुप्पट ओझं पाठीवर घेऊन फिरेल. तुलना अन्यायाची आहे, मान्य. छोटा हत्ती पासष्ट मैलांनी घर ओढत नेत नाही, आणि त्याच्या सीटवर दोन तास बसलेल्या माणसाला मसाजची खरी गरज असते. पण आकार बघून ताकद ठरवायची आपली खोड किती जुनी आहे, हे त्यावरून कळतं. अशा पिकअपला चिकटलेल्या अर्धाटनी ट्रक या नावाचंही तेच. एके काळी तो खरोखर अर्धा टन वाहायचा म्हणून ते नाव पडलं. आज नावाचा आणि वजनाचा संबंध सदाशिव पेठेतल्या सदाशिवाइतकाच उरला आहे. तरीही ट्रेलरवाले 'अर्धाटनी ट्रकला चालेल' असं बेधडक छापतात. कुठला अर्धाटनी, ते छापत नाहीत.

ट्रेलरच्या वजनाचीही एक वेगळी कथा आहे. माहितीपत्रकातलं 'ड्राय वेट' म्हणजे लग्नाच्या बायोडेटातली उंची. त्यात पाणी नसतं, बहुधा बॅटरी नसते, गॅस नसतो, भांडी, पांघरुणं, तवा, काही नसतं. पाण्याचा एक अमेरिकन गॅलन ८.३४ पौंडांचा, चाळीस गॅलनची टाकी भरली की सव्वातीनशेहून जास्त पौंड वाढले, आणि टाकी ट्रेलरच्या पुढच्या भागात असेल तर दांडीवरचा भारही वाढला. म्हणून हिशेब मांडताना ट्रेलरचं जास्तीत जास्त परवानगी असलेलं वजन धरावं. संसार कधी ड्राय वेटवर थांबल्याचं कुणी ऐकलं आहे?

यावर पहिला आक्षेप येतो तो सुशिक्षिताचा: ओढण्याचा आकडा काही हवेतला नाही, त्याला एसएई जे२८०७ नावाचं प्रमाण आहे. आहे, आणि ते चांगलंच कडक आहे. अ‍ॅरिझोनात कोलोरॅडो नदीवरच्या डेव्हिस धरणापासून डोंगरात चढणारा ११.४ मैलांचा घाट त्यासाठी निवडला आहे. भर उन्हाळ्यात, एसी पूर्ण सोडून, तो चढ ट्रेलरसकट चढायचा आणि साध्या पिकअपचा वेग ताशी ४० मैलांच्या खाली येऊ द्यायचा नाही. ही कसोटी येण्यापूर्वी प्रत्येक कंपनी आपला बैल आपल्याच फुटपट्टीने मोजत असे. टोयोटाने २०११च्या मॉडेलपासून ती मानली, इतरांनी नंतर, थोडी कुरकुर करत. पण त्या कसोटीत ट्रकमध्ये कोण बसलेलं असतं? दीडशे-दीडशे पौंडांची दोन माणसं. मागच्या सीटवर मुलं नाहीत, आजी नाही, हौद्यात सरपण नाही. माहितीपत्रकातला आकडा खोटा नसतो. तो फक्त निपुत्रिक आणि सडपातळ जोडप्याचा असतो.

दुसरा आक्षेप खिशात पैसे असलेल्याचा: मग एवढं गणित कशाला, सरळ मोठा डिझेल ट्रक घ्या. हा मार्ग मराठी स्वभावाला जवळचा आहे. कपडेसुद्धा आपण वाढत्या अंगाचेच शिवतो. पण इथेही गाढव दगा देतं. अर्धाटनीच्या वरच्या, पाऊणटनी वर्गातल्या अनेक ट्रकांचं भरलेलं कमाल वजन कंपन्या १०,००० पौंडांवर अडवतात, कारण त्यापुढे ट्रकचा वर्ग बदलतो आणि काही ठिकाणी नोंदणीची कटकट वाढते. डिझेल इंजिन पेट्रोलच्या इंजिनापेक्षा कित्येकशे पौंडांनी जड. तेव्हा सगळे चोचले असलेल्या डिझेल ट्रकच्या स्टिकरवर दोन हजारांच्या आसपासचा आकडा निघाला, की तो घेणाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. साधा पेट्रोलचा पाऊणटनी ट्रक त्याहून बराच जास्त वाहतो आणि किमतीतही पुष्कळ कमी असतो. शिवाय ट्रेलर वर्षातून तीन आठवडे लावायचा, आणि उरलेले एकोणपन्नास आठवडे हाच रणगाडा ऑफिसच्या पार्किंगमध्ये आणि कॉस्टकोसमोर घालायचा, हेही ज्याने त्याने पाहावं. लहान पिकअप फार नाहीत, ही तक्रार मात्र खरी आहे. त्याचं एक कारण कोंबडी. युरोपने अमेरिकन कोंबडीवर कर बसवला, म्हणून अमेरिकेने १९६४मध्ये परदेशी हलक्या ट्रकांवर २५ टक्के आयातकर लावला. कोंबडीचं भांडण मिटलं, कर तसाच राहिला. देशी ट्रक स्पर्धेशिवाय तूप खाऊन वाढले.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात तथ्य आहे: युरोपात लोक साध्या कारने कॅरव्हॅन ओढतात, त्यांचं काय अडतं? काही अडत नाही. पण तिथले कॅरव्हॅन हलके असतात, दांडीवरचा भार अमेरिकन हिशेबाच्या साधारण निम्मा ठेवतात, आणि मुख्य म्हणजे तिथे माणसं हळू जातात. जर्मनीत कारमागे ट्रेलर असेल तर मर्यादा ताशी ८० किलोमीटर. शंभरने जायला वेगळी परवानगी लागते. कमी भाराचा ट्रेलर हळू चालला तर शेपूट हलवत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने ट्रेलरवाल्यांना ५५ मैलांवर रोखलं आहे खरं, पण इतर बऱ्याच राज्यांत घर मागे लावून सत्तरने जाणं हा जन्मसिद्ध हक्क समजतात. युरोपचं गणित हवं असेल तर युरोपचा वेगही घ्यावा लागेल. राहिला तो शेजारचा माणूस, जो दहा वर्षं जास्त भार घालून फिरतो आणि त्याला काही झालं नाही. आपल्याकडे एका स्कूटरवर पाचजण बसून लग्नाला जातात आणि सुखरूप परत येतात. त्यावरून स्कूटर पाचजणांची ठरत नाही.

बैलाला अगदीच मोडीत काढायचं नाही. कोलोरॅडोत आय-७० हायवेवरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्के ताकद गमावतं. म्हणजे तिथे पोचेपर्यंत तिसरा हिस्सा हवेत विरलेला असतो. डोंगराकडचा बेत असेल तर टर्बो घ्यावा आणि उतरणीच्या ब्रेकचा विचार चढणीच्या आधी करावा. इलेक्ट्रिक पिकअपमधला बैल तर अफाट आहे. फक्त मागे ट्रेलर लागला की एका चार्जिंगमधलं अंतर साधारण निम्म्यावर येतं, आणि चार्जिंगच्या बऱ्याचशा जागा कारच्या मापाच्या असल्याने आधी घर सोडून ठेवावं लागतं. प्रवासात रोज घर मोडून पुन्हा मांडायचं असेल, तर तंबू स्वस्त पडतो.

तेव्हा क्रम उलटा करा. आधी ट्रेलर ठरवा, मग घरातल्यांची खरी वजनं लिहा (हे काम वयाने सर्वात लहान असलेल्याकडे द्यावं, तो भीडभाड ठेवत नाही), बेरीज करा, आणि मगच शोरूममध्ये जाऊन दार उघडून खाली वाका. सेल्समन इंजिनाचं झाकण उघडून उभा असेल, त्याला उभं राहू द्या. ट्रक घेतल्यावर पहिल्याच सहलीला, सगळं भरून, सगळ्यांना बसवून, हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर थांबा. तिथे मोठ्या ट्रकांसाठीचा काटा असतो, आणि तुम्हालाही त्यावर जाता येतं. पुढच्या चाकांचं, मागच्या चाकांचं आणि ट्रेलरचं वजन वेगवेगळं छापून चिठ्ठी हातात मिळते. साखर कारखान्यावरच्या काट्याबद्दल जे बोललं जातं, ते इथे लागू नाही. इथे काटा मारून फायदा कुणाचाच नाही. आणि त्या चिठ्ठीला जेवढे डॉलर पडतात, तेवढ्यात सगळ्यांचा चहासुद्धा होत नाही.