क्यू आला, यू नाही आला

स्क्रॅबलवाल्या काकांना इंग्रजी येतं की नाही, यावर त्यांच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. क्यूच्या मागे यू नसलेले शब्द ते झोपेतून उठवलं तरी घडाघडा म्हणतात. कात, कादी, कनात, फकीर, कव्वाली. हे सगळे क्यूने लिहिले तरी स्क्रॅबलच्या इंग्रजीत चालतात. मात्र क्रेडिट कार्ड विकणाऱ्या मुलीचा फोन आला आणि ती इंग्रजीत सुरू झाली, की काका फोन काकूंच्या हातात देतात. "तुझ्यासाठी आहे," म्हणतात.

डोंबिवलीपासून कोथरूडपर्यंत हा गृहस्थ कुठेही आढळतो. बहुधा बँकेतून किंवा रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त. मराठी शब्दकोडी सोडवणाऱ्या मंडळींना तो मनातून कमी लेखतो, कारण त्यांना शब्दाचा अर्थ लागतो. याला लागत नाही. याला शब्दाची किंमत लागते.

आयटीतल्या पुतण्याने एकदा जेवताना एआयचा विषय काढला. एआयमुळे नोकऱ्या जाणार वगैरे. काका भात कालवता कालवता म्हणाले, "ए-आय म्हणजे एक प्राणी. पायाला तीन बोटं. दक्षिण अमेरिकेत झाडाला लटकून असतो, अतिशय आळशी. एस लागतो." मग थोडा विचार करून, "दोन गुण. दोन गुणांसाठी जग एवढं का धावतंय?"

"एस लागतो" हा काकांच्या लेखी शब्दार्थाचा सर्वांत महत्त्वाचा भाग. बाकीचे अर्थ चार डब्यांत बसतात: एक प्राणी, एक मासा, कुठलं तरी जुनं नाणं आणि स्कॉटलंडमधलं काहीतरी. झेड-ओ म्हणजे याक आणि गाय यांचा संकर. एक्स-यू म्हणजे व्हिएतनामचं नाणं. ए-ए म्हणजे हवाई बेटांवरचा खडबडीत लाव्हा. जे-ओ म्हणजे स्कॉटिश लोकांची लाडकी, नऊ गुण. संसारात काकांच्या तोंडून निघालेला प्रेमाचा शब्द तो हाच, आणि तोही बेरीज सांगताना. सी-डब्ल्यू-एम म्हणजे वेल्समधली दरी. एव्हरेस्टच्या वाटेवर वेस्टर्न कूम लागतं, त्यातलं कूम ते हेच. गिर्यारोहक तिथे धापा टाकत पोचतात. काका हातात एकही स्वर नसताना पोचतात.

या सगळ्याचं मूळ अल्फ्रेड मोशर बट्स या अमेरिकन आर्किटेक्टच्या बेकारीत आहे. १९३०च्या दशकातल्या मंदीत त्याचं काम गेलं, तेव्हा वर्तमानपत्रं पुढ्यात घेऊन कुठलं अक्षर किती वेळा येतं ते तो मोजत बसला. (आपल्याकडे बेकार माणूस पेपर घेऊन बसला तर त्याला घरचे काय म्हणतात ते सांगायला नको.) त्या मोजणीतून शंभर सोंगट्यांचा संच आला: ई बारा, क्यू आणि झेड एकेकच, दोन कोऱ्या. आणि अनेकवचनं करून कोणी फुकटचे गुण लाटू नयेत म्हणून एस फक्त चार. स्क्रॅबल हे नाव १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो याने दिलं. काका बट्सबद्दल आदराने बोलतात, फक्त एसचा विषय निघाला की आवाज कडू होतो.

त्यांचं खरं दैवत न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स. २००७ साली जागतिक स्पर्धा मुंबईत झाली आणि ती त्यानेच जिंकली. पण काकांचे हात जोडले गेले ते २०१५ साली, जेव्हा या माणसाने फ्रेंच बोलता येत नसताना फ्रेंच स्क्रॅबलचं जागतिक विजेतेपद पटकावलं. शब्दांच्या याद्या पाठ केल्या, बसला, जिंकला. पुढे २०२४ मध्ये स्पॅनिशमध्येही तेच. थायलंडचे खेळाडू तर इंग्रजीच्या स्पर्धा कधीपासून जिंकत आले आहेत. "बोलण्याचा आणि भाषेचा संबंध काय?" हा काकांचा सवाल तेव्हापासूनचा, आणि फोन काकूंना देण्याला त्यामुळे तात्त्विक बैठक मिळाली आहे.

याचा त्रास इतरांना होतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गंभीर चेहरा करून सांगितलं, "काका, रेटिना जरा बघावा लागेल." काका उजळलेच. "रेटिनात एस घाला डॉक्टर, सात अक्षरं होतात. रिटेन्स, नास्टियर, स्टेनर, रेट्सिना, स्टिअरिन... सातही सोंगट्या एकदम लागल्या की पन्नास गुण जादा!" डॉक्टरांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी छताकडे.

एरवी काका सज्जन. रिक्षावाल्याने चुकून दहा रुपये जास्त परत दिले तर मागे धावतात. पण बोर्डावर बसले की बिनदिक्कत खोटा शब्द लावतात आणि चेहऱ्यावरची रेषही हलू देत नाहीत. नियमच तसा आहे: समोरच्याने चॅलेंज केलं नाही तर खोटा शब्दही खपतो, केलं तर सोंगट्या उचलायच्या आणि पाळी गमवायची. हिशेब खात्यात हयात गेली, एक पैसा इकडचा तिकडे केला नाही. ते सगळं राहून गेलेलं इथे भरून काढत असावेत, असा माझा संशय आहे.

मुलाकडे न्यू जर्सीला गेले तेव्हा मात्र घात झाला. कॉफीच्या दुकानात त्यांनी भिंतीवरच्या चित्राला बोट लावून कॉफी मिळवली, त्याचं काही वाटलं नाही. पण शेजारच्या अमेरिकन आजोबांशी डाव मांडला आणि काकांनी झेड तिहेरी घरावर ठेवून झोकात 'झो' लावला. आजोबांनी चॅलेंज केलं. अमेरिकेत आणि कॅनडात शब्दांची यादी वेगळी. आपल्याकडे कॉलिन्सची चालते. तिकडच्या यादीत पिझ्झाचा लाडका अर्धा तुकडा 'झा' आहे, पण हिमालयातला बिचारा झो नाही. काका सोंगट्या उचलताना काही बोलले नाहीत, म्हणजे बोलण्याइतकं इंग्रजी आठवलं नाही. रात्री मुलाला म्हणाले, "कसला रे देश हा? पिझ्झा चालतो, जनावर चालत नाही!" ग्रीन कार्डाचा विषय त्या घरात पुन्हा निघालेला नाही.

तुमच्या सोसायटीतही असे एक काका असतील आणि कधीतरी "या, एक डाव टाकू" म्हणतील. जरूर जा. जाण्याआधी दोन अक्षरी शब्दांची यादी पाठ करा. सव्वाशेच्या आसपास आहेत, आठवड्यात होतात. पिशवीत हात घालताना ती डोळ्यांच्या वर धरा, नाहीतर लबाड ठराल. त्यांचा एखादा शब्द खोटा वाटला तर वयाचा मान न ठेवता चॅलेंज करा. आणि शब्द खरा निघाला तर अर्थ विचारायला जाऊ नका. तो प्राणीच असेल, आणि त्याला एस लागत असेल.