अंगठा हजर, आजी गैरहजर

वर्धा जिल्ह्यातल्या रेशन दुकानात ई-पॉस यंत्राच्या काचेवर आजी अंगठा टेकवते. यंत्र थोडा वेळ विचार करते आणि ही आजी ती आजी नव्हे, असा निकाल देते. मग डावा अंगठा, तर्जनी, मधले बोट अशी फेरी निघते. दुकानदार चड्डीत होता तेव्हापासून आजीला ओळखतो. पण त्याच्या ओळखीला सर्व्हर विचारत नाही.

“काऊन वं आजी, बोटं कुठं ठेवून आली?”

“पऱ्हाटीत,” आजी सांगते.

उत्तर अचूक आहे. कापूस वेचताना वाळक्या बोंडांची टोके बोटांना वर्षानुवर्षे बोचतात, उरलेले काम चुना, सिमेंट आणि भांडी घासायची राख करतात. वयाबरोबर कातडी कोरडी पडते ती वेगळीच. जिल्ह्याचे अर्थकारण ज्या बोटांवर चालते, तीच बोटे सरकारदरबारी अनोळखी ठरतात. कारकुनाची बोटे मात्र शाबूत असतात. त्याबद्दल कोणी काही बोलू नये.

आधारची सुरुवात 29 सप्टेंबर 2010 रोजी महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत झाली. 10 नोव्हेंबर 2014 रोजी ‘जीवन प्रमाण’ आले आणि निवृत्तांना आपण जिवंत असल्याचे बोटाने सिद्ध करण्याची सोय झाली. ठसे घ्यायचे मान्यताप्राप्त यंत्र विकत मिळते. ते मोबाईलला जोडून घरच्या ओसरीवरूनही हयातीचा दाखला काढता येतो. म्हणजे आता ‘ठसा जुळला नाही’ हे ऐकायला हिंगणघाट किंवा आर्वीपर्यंत एसटीने जायची गरज उरली नाही. निवृत्त गुरुजी तोच निकाल घरी, स्वतःच्या खर्चाने, पंख्याखाली बसून ऐकू शकतात. नोव्हेंबर 2021 मध्ये चेहऱ्याची सोय झाली: मोबाईलसमोर बसायचे आणि सांगितल्यावर डोळे मिचकावायचे. ज्यांनी हयातभर वर्गात डोळे मिचकावणाऱ्या पोरांना बाकावर उभे केले, त्यांच्या पेन्शनसाठी एवढी शिक्षा वाजवीच आहे.

अमेरिकेत राहून आलेल्यांची तऱ्हा निराळी. दुसऱ्या देशात स्थायिक व्हायचे तर अनेकदा अमेरिकेच्या एफबीआयचा दाखला लागतो आणि त्यासाठी दहा बोटांचे कार्ड. प्रत्येक बोट शाई लावून नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लोळवायचे. अंगठे शरीराकडे, बाकीची बोटे शरीरापासून दूर. जाणकाराकडून घ्यावेत, अशी शिफारस असली तरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर स्वतःचे ठसे स्वतः घेणारेही निघतात. तीनचार कार्डे वाया जातात, ओट्याचे मात्र सगळे ठसे स्पष्ट येतात. एकाऐवजी दोन-तीन कार्डे पाठवा, असा सल्ला खुद्द एफबीआयच देते. आपल्याकडे असा सल्ला द्यायची पद्धत नाही. आपल्याकडे अर्ज परत येतो.

घरी ठसे देण्याचा सर्वांत वजनदार दाखला मात्र ज्यांचा फोटो जिल्ह्यातल्या झाडून साऱ्या कार्यालयांत टांगलेला आहे, त्यांचाच. गांधीजी सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, 1936 मध्ये राहायला आले. हा किस्सा त्याच्या अठ्ठावीस वर्षे आधीचा, दक्षिण आफ्रिकेतला. ट्रान्सवाल सरकारने हिंदी लोकांवर ठशांसह नोंदणीची सक्ती केली. गांधीजींनी आधी हेन्री नावाच्या पोलीस अधिकाऱ्याचे ठशांवरचे पुस्तक वाचून काढले आणि कायद्याने ठसे गुन्हेगारांचेच घेतात, हे हेरले. लढा झाला, तुरुंग झाला, मग सरकारतर्फे बोलणाऱ्या जनरल स्मट्सशी समझोता: सक्ती नको, लोक आपखुशीने ठसे देतील. 10 फेब्रुवारी 1908 रोजी गांधीजी जोहान्सबर्गच्या नोंदणी कार्यालयाकडे निघाले, तर समझोत्यावर चिडलेल्या मीर आलम नावाच्या पठाणाने आणि त्याच्या साथीदारांनी त्यांना वाटेतच झोडपले. पाद्री डोक यांच्या घरी अंथरुणावर पडल्यापडल्या गांधीजींनी नोंदणी अधिकारी चॅमनी यांना निरोप धाडला: कागद घेऊन या, पहिली नोंदणी माझीच व्हायला हवी. अधिकारी आले, ठसे घेतले आणि त्यांचे डोळे भरून आले.

अर्जदाराच्या घरी शाई घेऊन जाणारा आणि वर रडणारा अधिकारी! अशा माणसाची पदोन्नती आपल्याकडे रखडली असती. आता हयातीच्या दाखल्यासाठी पोस्टमन 70 रुपयांत घरी येतो हे खरे, पण रडणे त्या दरात बसत नाही.

पुढे ट्रान्सवाल सरकारने शब्द पाळला नाही. 16 ऑगस्ट 1908 रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात नोंदणीचे दोन हजारांहून अधिक दाखले एका मोठ्या कढईत रॉकेल ओतून जाळण्यात आले. सेवाग्रामच्या जिल्ह्यात आज कोणाला तशी ऊर्मी आली, तरी पंचाईत आहे. दाखला सर्व्हरवर असतो. निदान पावती तरी द्या म्हणावे, तर केंद्रचालक मान वर न करता सांगतो, “काकाजी, प्रिंटरची शाई संपली.”