आईच्या पंचाहत्तरीची न्याहारी

मिनिआपोलिस, जानेवारी

ती. दादा आणि सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

आईची पंचाहत्तरी झोकात पार पडली. फोनवर तिनं तुम्हाला "छान झालं" एवढंच सांगितलं असणार, कारण परदेशातल्या फोनला अजून मिनिटाला पैसे पडतात अशी तिची ठाम समजूत आहे. म्हणून सविस्तर वृत्तान्त लिहून पाठवतोय.

शांत सांगलीला करायची हे तुमचं ठरलेलंच आहे. इथं काय करायचं, एवढाच प्रश्न होता. मृणालनं श्रीखंड-पुरीचा बेत मांडला. आई म्हणाली, "श्रीखंड खायला मी इतक्या लांब आले का? इथली माणसं सणाच्या सकाळी काय खातात ते करा."

इथली माणसं अशा सकाळी कॉफी केक करतात. जर्मन आणि स्कँडिनेव्हियन घराण्यांनी येताना बरोबर आणलेली ही चाल. केकमध्ये कॉफी नसते, ती सोबत प्यायची. आईला याचं काहीच नवल वाटलं नाही. "चहाची बिस्किटं चहाची थोडीच असतात!"

अंड्यांचा प्रश्न होताच. वहिनी, आईचा कायदा तुम्हाला ठाऊक आहे. ऑम्लेट म्हणजे अंडं आणि केक म्हणजे केक. पुण्याला गेलं की कयानीचा मावा केक हवाच, पण ज्या तव्यावर ऑम्लेट झालं त्यावरची पोळी आयुष्यात चालायची नाही. मृणाल अंडी फोडत होती तोवर आई खिडकीबाहेरचा बर्फ बघत उभी राहिली. टरफलं कचऱ्यात पडल्याचा आवाज झाल्यावर वळली.

मैद्याच्या बाबतीत मात्र तिचं बारीक लक्ष होतं. हे गावच पिठावर उभं राहिलंय. मिसिसिपीच्या धबधब्यावर इथं गिरण्या चालायच्या. 1880 नंतर जवळजवळ पन्नास वर्षं जगातली पिठाची राजधानी हीच. 1878 च्या मे महिन्यात इथल्या वॉशबर्न ए गिरणीत हवेत उडणाऱ्या पिठानंच पेट घेतला. मोठा स्फोट होऊन 18 माणसं गेली. गिरणी पुन्हा बांधली, पुढे तीही बंद पडली आणि आता तिच्या पडक्या भिंतींच्या आत संग्रहालय आहे. आईला तिथं नेलं होतं. सगळं नीट ऐकून घेऊन ती म्हणाली, "दादाला कळव. खणभागातल्या गिरणीवाल्याला म्हणावं, रोज झाडत जा."

त्याच गिरणीवाल्या कंपनीनं 1921 मध्ये, पीठ विकत घेणाऱ्या बायकांच्या पत्रांना उत्तरं द्यायला, बेटी क्रॉकर नावाची सुगरण कागदावर जन्माला घातली. तिच्या नावाची पाकपुस्तकं आजही घरोघरी असतात. "म्हणजे नसलेल्या बाईचं ऐकून अख्खा देश स्वैपाक करतो," आई म्हणाली, "आणि माझ्या आमटीत मीठ बरोबर आहे का, ते तुम्ही दोनदा विचारता."

केक म्हणाल तर साधाच, पण श्रीमंत. मैदा दोन कप, लोणी दोन कांड्या म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम. लोणी मऊ हवं, पातळ नको, कारण साखरेबरोबर फेसताना त्यात हवा धरली गेली पाहिजे. बाहेर उणे 22 आणि लोणी फ्रीजमधून नुकतंच निघालेलं, त्यावर सुरी नुसती टेकत होती. मायक्रोवेव्हचं नाव निघताच आईनं वाडगा ताब्यात घेतला. जमिनीतून गरम हवा येते त्या झडपेशेजारी ठेवून, वर आपली शाल पांघरून, ती बाजूला जपाला बसली. जप संपला तेव्हा लोणी बोटानं दबत होतं. मृणाल आता तिच्या जपाची वेळ कृतीत लिहून ठेवणार आहे.

मग सावर क्रीम. इथल्या नियमानं त्यात किमान 18 टक्के स्निग्धांश लागतो. आईनं बोटभर चाखून "चक्का नीट टांगलेला नाही" असा शेरा मारला. पण त्याच्या आंबटपणाशी सोड्याची गाठ पडली आणि पिठात बुडबुडे यायला लागले, तेव्हा शेरा मागे घेतला.

खरा वाद सारणावरून झाला. कृतीत ब्राउन शुगर, दालचिनी आणि पिकानचे तुकडे. आईनं पदराखालून वेलदोड्याची पूड काढली. मृणाल म्हणाली, इथल्या कॉफी केकमध्ये दालचिनीच असते. आई म्हणाली, गोड म्हटलं की वेलदोडा. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या आजी शुभेच्छा द्यायला आल्या. त्या नॉर्वेजियन वंशाच्या. त्यांनी डबी हुंगली आणि त्यांचा चेहरा उजळला. नॉर्वेकडची माणसं नाताळच्या गोड पावात वेलदोडाच घालतात. दोघींत एकही भाषा सामाईक नाही, पण हावभावांवरून मृणालला कळलं की आपण अल्पमतात गेलोय.

साचाही गावचाच. मधे नळी आणि कडेला पन्हाळी असलेला हा बंट साचा 1950 मध्ये इथल्याच नॉर्डिक वेअर कंपनीच्या डेव्हिड डालक्विस्ट यांनी ओतला. शहरातल्या ज्यू महिला मंडळाच्या बायकांना युरोपातल्या जुन्या जड साच्यासारखा, पण ॲल्युमिनियमचा हवा होता. बरीच वर्षं तो फारसा खपेना. मग 1966 च्या पिल्सबरीच्या बेकिंग स्पर्धेत या साच्यातल्या चॉकलेट केकला दुसरं बक्षीस मिळालं आणि साच्यासाठी देशभर झुंबड उडाली. आई म्हणाली, "पहिला कोण आला ते कुणाला आठवतंय का? दुसराच बरा." दादा, तुझ्या शाळेतल्या दुसऱ्या नंबरांना ती असं म्हटल्याचं मला तरी आठवत नाही.

350 फॅरनहाइटला तासभर केक भाजला. बाहेर काढून दहा मिनिटं थांबून साचा उपडा केला आणि केक अख्खा सुटला. आईनं आधी स्वतःचं औक्षण करून घेतलं, मग केकला हळदीकुंकू लावायला निघाली. रेवानं मोठ्या मिनतवारीनं तिला अक्षतांवर थांबवलं.

शेजारच्या आजी न्याहारीला परत आल्या त्या कॉफीची किटली घेऊन. आई एरवी चहावाली. तिनं शिष्टाचार म्हणून घोट घेतला, मग दुसरा, मग कप पुढं केला. "काय निवळशंख आहे गं! कडूपणाचा मागमूस नाही. कशी करतात विचार."

रेवानं विचारलं. आजींनी हौसेनं सांगितलं आणि रेवानं तितक्याच हौसेनं भाषांतर केलं. कॉफीच्या भरड पुडीत एक कच्चं अंडं फोडून कालवायचं. तो लगदा उकळत्या पाण्यात सोडायचा. तीनेक मिनिटांनी वर कपभर गार पाणी ओतायचं. अंड्याबरोबर चोथा गोळा होऊन खाली बसतो आणि वर निवळ कॉफी राहते. इथं चर्चच्या तळघरातल्या जेवणांना अशीच कॉफी असते.

टेबलावर शांतता पसरली. मृणालनं माझ्याकडे पाहिलं, मी केककडे पाहिलं. केकमध्ये कॉफी नाही आणि कॉफीत अंडं! आईनं कप खाली ठेवला. थोडा विचार केला.

"गाळली होती ना?"

"हो आजी."

"मग झालं तर." आणि तिनं कप पुन्हा उचलला.

कायद्यात ही नवी दुरुस्ती झाली आहे, याची सांगली शाखेनं नोंद घ्यावी. बाकी सर्व क्षेम. मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा

ता. क. शेजारच्या आजींनी आईला तसाच एक साचा भेट दिलाय, तो ती घेऊन येतेय. दहा इंच रुंद आहे. वहिनी, तुमचा ओव्हन आतून मोजून कळवा. त्यात साचा बसत नसेल तर ओव्हन बदलावा, असं आईनं सांगितलं आहे.