कांदा जहाजाने येतो

(खानदेशातलं सावदा. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, नुकतीच झालेली, सकाळचे अकरा. ओसरीवर कूलर घरघरतोय आणि त्याच्या वाऱ्यात यावं म्हणून मध्यस्थ मघापासून खुर्ची इंचाइंचाने सरकवतोय. मुलगा अंदमानात, पोर्ट ब्लेअरला, केंद्र सरकारच्या कचेरीत. २०२४ पासून त्या गावाचं नाव श्री विजयपुरम आहे, पण मध्यस्थाच्या वहीत अजून जुनंच. समोर पोहे.)

मुलीचे बाबा : घ्या, पोहे घ्या. तर, पगाराचं यांनी सांगितलं. आता खर्चाचं तुम्ही सांगा. पगार काय, केळीचे पैसे आमच्याकडेही येतात. उरतं किती ते बोला.

मुलगा : काका, तिथे पेट्रोल स्वस्त आहे.

मध्यस्थ : ऐकलं? आपल्याकडे शंभरीच्या वर, आणि तिकडे लिटरमागे वीसेक रुपये कमी!

बाबा : आणि गाडी घेऊन जायचं कुठे?

मुलगा : ते आहे खरं. बाराटांगकडे निघालो तर वाटेत जारवांचं जंगल. जिरकाटांगच्या नाक्यावर थांबायचं. ठरल्या वेळी सगळ्या गाड्या एकदम, पोलीस बरोबर देऊन सोडतात.

बाबा : म्हणजे कारखान्यापुढे उसाचे ट्रॅक्टर लागतात तसं. मग पेट्रोल स्वस्तच राहील ना भो, जळतंय किती?

मुलीची आई : (दारातून) काळं पाणी म्हणतात ते हेच ना?

मुलगा : पाणी निळं आहे काकू.

आई : आणि कांदा काय भाव?

मुलगा : कांदा... कांदा जहाजाने येतो. कांदा, बटाटा, डाळ, सिमेंट, सगळंच. चेन्नईहून नाहीतर कोलकात्याहून, तीनेक दिवस समुद्रात. वादळ उठलं की जहाज अडकतं. मग बाजारात कांद्याकडे नुसतं बघून घ्यायचं.

आई : मग तिथे मुलगी बघायला आले की काय देतात?

मुलगा : पोहेच. नारळ घालून. नारळ भरपूर.

(आई आत जाते. भांडं जरा जास्तच जोरात ठेवल्याचा आवाज.)

मध्यस्थ : मासळी मात्र मातीमोल! सुरमई म्हणा, कोळंबी म्हणा...

बाबा : आम्ही माळकरी.

मध्यस्थ : ...शहाळी म्हणा.

बाबा : भरीत होतं का?

मुलगा : वांगी मिळतात. आपली हिरवी नाहीत.

बाबा : आणि कपाशीच्या काड्या?

मुलगा : कपाशीच नाही.

बाबा : मग भाजता कशावर?

मुलगा : गॅसवर.

(शांतता. फक्त कूलर.)

मुलगा : म्हणून मेनलँडहून परतताना जो तो बॅगेत...

बाबा : कुठून?

मुलगा : मेनलँड. तिकडचे लोक इकडच्या सगळ्या मुलखाला मेनलँड म्हणतात. चेन्नई, कोलकाता, सावदा.

बाबा : (मनापासून खूश) सावदा मेनलँड! नगरपालिकेला कळवायला पाहिजे. बरं, केळी?

मुलगा : तिथेच पिकतात. परवा साठ रुपये डझन घेतली.

(बाबा खिशातून वजनकाट्याची पावती काढतात आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडतात. पेन चालत नाही. मध्यस्थ स्वतःचं देतो.)

बाबा : डझन म्हणजे दोन किलो धरा. परवा माझा माल गेला नऊशे रुपये क्विंटलने. डझनाचे झाले अठरा. भाव तरी कुठला? बऱ्हाणपूरला बोर्ड लागतो, त्यावर इथला ठरतो. माल जाणार दिल्लीला. गाडीभाडं, हमाली, दलाली, जे काही निघेल ते शेवटी माझ्या घडातूनच.

(हिशेब बरोबर होता. ठिबकच्या नळ्या, खत आणि मे-जूनच्या वादळात आडवी होणारी झाडं त्यात धरली नव्हती. ती धरली असती तर पोहे गार झाले असते.)

मुलगा : आणि तिकडे येणाऱ्या प्रत्येक जिनसाचं भाडं माझ्या खिशातून.

बाबा : थांबा, थांबा. तुम्ही भाडं देता घेताना. मी देतो विकताना. मग बेटावर राहतं कोण? तुम्हाला सरकार काही जास्तीचं देतं का?

मुलगा : देतं. बेटावरच्या कर्मचाऱ्यांना वेगळा भत्ता आहे.

बाबा : बघा! आणि मी बारा महिने सावद्यात काढतो, त्याचा भत्ता?

मुलगी : (पाण्याचे ग्लास ठेवत) मी विचारू एक? मे महिन्यात तिथे किती तापतं?

मुलगा : बत्तीस, तेहतीस. घाम फार येतो.

मुलगी : इथे काल ४५ होतं. लाइट जाते?

मुलगा : जाते. वीज बरीचशी डिझेलवर. उन्हाळ्यात नळाचं पाणीही रोज नाही.

मुलगी : इथेही नाही. पाऊस?

मुलगा : वर्षाला तीन हजार मिलिमीटर.

बाबा : तीन हजार! आमच्याकडे सातशे पडला तर आम्ही पेढे वाटतो. आणि तरी नळाला पाणी नाही?

मुलगा : बेट आहे काका. पडला की वाहून समुद्रात.

मुलगी : मला चालेल. एक अट आहे. मे महिन्यात मी माहेरी येणार नाही.

आई : (आतून, धावत) अगं, अखाजीला माहेरी यायचं नाही, असं कुठे असतं?

मुलगी : तुम्हीच या तिकडे. येताना कांदे आणा.

बाबा : (पावती पुन्हा उलटून) किती आणू देतात?

मुलगा : विमानात सामानात द्यायला माणशी पंधरा किलो.

बाबा : दोघांचे तीस. मग केळी इथेच राहिली.