‘द हे वेन’ उतरवणारे गृहस्थ

तैलरंग शिकण्यासाठी जुन्या उस्तादाचे निसर्गचित्र उतरवून काढणारे गृहस्थ बहुधा बँकेतून किंवा सरकारी खात्यातून निवृत्त झालेले असतात. निवृत्तीचे पहिले वर्ष सकाळचे फिरणे आणि रक्तदाब यांत जाते. दुसऱ्या वर्षी गॅलरीत ईझल उभे राहते आणि वाळत घातलेले कपडे आत जातात. निवड पुष्कळदा जॉन कॉन्स्टेबलच्या ‘द हे वेन’ची होते. १८२१ साली रंगवलेले हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे: सफोककडची स्टूर नदी, डावीकडे विली लॉटचे घर, मधोमध पाण्यात उभी घोडागाडी. १८२४ च्या पॅरिस सलोंमध्ये त्याला सुवर्णपदक मिळाले, ही माहिती येणाऱ्याजाणाऱ्याला चहाच्या आधी मिळते.

मूळ चित्र सुमारे १३० बाय १८५ सेंटिमीटर. दुकानातला तयार कॅनव्हास १८ बाय २४ इंच. ही प्रमाणे जुळत नाहीत, हे चौकोन आखून अर्धी नदी उतरवल्यावर लक्षात येते. मग उजवीकडचे कुरण आणि तिथले गवत कापणारे मजूर चित्राबाहेर राहतात. आयुष्यभर ताळेबंद जुळवलेल्या माणसाला हे लागते. पण मजूर कमी झाल्याने कामही वाचते, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार?

तैलरंगाचा नियम असा: खालचा थर टर्पेंटाइनने पातळ, वरचे थर जवसाच्या तेलाने क्रमाक्रमाने तेलकट. उलट केले तर वरच्या थराला भेगा पडतात. तेल उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, आणि त्याला दिवस लागतात. गृहस्थांना हे सगळे पाठ असते, फक्त धीर नसतो. आधी पंखा लावतात, मग बोट लावून पाहतात. विली लॉटच्या भिंतीवर परिणामी पेन्शनच्या कागदावर असावा तसा स्पष्ट अंगठा उमटलेला असतो.

खरी परीक्षा हिरव्याची. ट्यूबमधला व्हिरिडियन तसाच लावला की झाड खोटे दिसते; त्यात यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना मुरवावा लागतो. समोरच्या आंब्याकडे पाहिले तर हे चटकन कळेल, पण गृहस्थ आंब्याकडे पाहत नाहीत. त्यांचा विश्वास छापील प्रतीवर, आणि ती छापखान्यातच पिवळी पडलेली.

काठावरचा कुत्रा हा स्वतंत्र अध्याय. “अहो, शेळी छान आलीय,” असे घरातून ऐकल्यावर तो पुसला जातो. दिलासा एवढाच, की खुद्द कॉन्स्टेबलनेही त्याच काठावर आधी घोडेस्वार, मग पिंप रंगवून दोन्ही बुजवले होते. पाहुण्यांचा प्रश्न मात्र कुत्र्याबद्दल नसतो. गाडी पाण्यात का अडकली, हा असतो. उन्हाने आकसलेली लाकडी चाके फुगून धाव घट्ट बसावी म्हणून, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. ते गावाकडून आलेल्या आत्याबाईंना आधीच ठाऊक असते.

व्हार्निशला निदान सहा महिने थांबावे, असे सांगतात. गृहस्थ भाचीच्या वास्तुशांतीची तारीख पाहून ते लावतात.

पुढच्या चित्रासाठी टर्नरचे १८४४ सालचे ‘रेन, स्टीम अँड स्पीड’ ठरते. त्यात पाऊस, वाफ आणि धुके असल्याने पाने काढावी लागत नाहीत. रुळांवर धावणारा एक ससा आहे, पण तो मुळातही फारसा दिसत नाही.