रानझेंडू : उंच झाडाचे बुटके नाव

वनस्पतिशास्त्रात ‘टॅजेटिस मिन्युटा’ या नावाने ओळखला जाणारा दक्षिण अमेरिकी रानझेंडू मराठी म्हणींची पंचाईत करतो. ‘मिन्युटा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘चिमुकली’ असा असून झाड मात्र दीड-दोन मीटर वाढत असल्याने ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ ही म्हण येथे उलटी टांगावी लागते. लिनियसने १७५३ साली हे नाव नोंदवले ते झाडाकडे मान वर करून नव्हे, तर त्याच्या फुलाकडे डोळे बारीक करून, असेच मानणे भाग आहे. ‘टॅजेटिस’ या प्रजातीनामाचा संबंध इटलीतील प्राचीन एट्रुस्कन लोकांच्या टॅजेस नावाच्या भविष्यवेत्त्याशी जोडला जातो. तो म्हणे नांगराच्या तासातून अवचित वर आला. महाराष्ट्रातील उमरग्याच्या शेतकऱ्याला न पेरलेले काही तासातून वर आलेले दिसले, तर तो भविष्य न विचारता खुरपे शोधतो, हा दोन संस्कृतींमधील मूलभूत फरक होय.

उमरगा तालुका कर्नाटकाच्या सीमेला लागून आहे आणि कन्नडमध्ये झेंडूला ‘चेंडू हूवु’, अर्थात चेंडूफूल, म्हणतात. फूल चेंडूएवढे भरगच्च असावे याविषयी दोन्ही बाजूंच्या गिऱ्हाइकांचे एकमत आहे, आणि सीमाभागात एकमताचे विषय मोजकेच असल्याने त्याची नोंद घेणे आवश्यक ठरते. या कसोटीवर रानझेंडू सपशेल नापास होतो, कारण त्याचे फूल म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर लांबीची हिरवट नळी व तिच्या तोंडाशी दोन-तीन फिकट पिवळ्या पाकळ्या एवढाच ऐवज असून सुई टोचताच तोरणाचा प्रश्न कायमचा मिटतो. वास्तविक दसऱ्याला दारावर मिरवणारा मोठा झेंडूही मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचाच. परंतु एका पाहुण्याला चौकट मिळाली आणि दुसऱ्याला बांधही मिळेना.

तरीही रानझेंडूची लागवड करू इच्छिणाऱ्याने काळ्या जमिनीत सरी-वरंबे काढून वरंब्यावर बी टाकावे, कारण ही जमीन पाणी धरून बसते आणि साचलेले पाणी या झाडाला मानवत नाही. बी काळे, सुईसारखे बारीक असते; ते खोल न पुरता वर चिमूटभर माती भुरभुरावी आणि रोपे वीतभर झाल्यावर दीड फुटावर एक राहील अशी विरळणी करावी. शेंडा खुडल्यास फांद्या फुटतात. हे झाड ‘लघुदिवसी’ आहे, म्हणजे दिनमान घटू लागल्यावरच ते फुलण्याचे मनावर घेते. त्यामुळे बांधावरून जाणारा प्रत्येक जण युरियाची मात्रा सुचवीत असला, तरी सूर्यनारायणाच्या वेळापत्रकात त्याने बदल होत नाही.

पान उजेडासमोर धरले असता कडेने टाचणीने टोचल्यासारखे ठिपके दिसतात. त्या तेलग्रंथी होत. पान चुरडताच त्यांतील ज्या तेलाचा उग्र वास येतो, त्याच्यासाठी हिमाचल प्रदेशात व उत्तराखंडात या झाडाची शेती होते, तर पेरूमध्ये तीच पाने ‘वाकाताय’ या नावाने स्वयंपाकात चटणीसारखी वाटली जातात. झेंडूच्या मुळांत ‘अल्फा-टरथायेनिल’ हे द्रव्य असते व ते सूत्रकृमींना, म्हणजे टोमॅटो-वांग्याच्या मुळांवर गाठी आणणाऱ्या सूक्ष्म जंतांना, घातक ठरते. अर्थात हे कार्य जमिनीखाली चालत असल्याने त्याचा सत्कार सहसा होत नाही.

गुणवंतांच्या अंगी असतो तसा एक दोष येथेही आहे. याचे बी धोतराच्या काठाला चिकटून सहज पुढच्या शेतात जाते, आणि दक्षिण आफ्रिकेत तर हे झाड त्रासदायक तण बनून बसले आहे. शिवाय त्याचा रस काहींच्या कातडीला झोंबतो. म्हणून तोरणासाठी बाजारातला झेंडू किलोने घ्यावा. रानझेंडूची मात्र टोमॅटोच्या वाफ्याशेजारी एकच ओळ लावावी, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून ती बी पिकण्यापूर्वी कापावी, आणि कापण्याची ही तारीख आठवणीवर न सोडता दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.