हे तांदूळ ओढतं!

नाणी जमवणाऱ्या माणसाला लग्नकार्यात सुखाने जेवू देत नाहीत. जिलबी वाढायच्या आत कोणीतरी काका त्याला खांबामागे नेतात, रुमालाची गाठ सोडतात आणि आवाज खाली आणून विचारतात, ‘‘कितीला जाईल रे?’’

रुमालात बहुधा एकच ऐवज निघतो. एका बाजूला राम दरबार किंवा मारुती. दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी’, अर्धा नाहीतर एक आणा, आणि साल १६१६ किंवा १८१८. आता कंपनीला मुंबई मिळाली तीच मुळी १६६८ साली. म्हणजे १६१६ला बेटाचा पत्ता नाही, टांकसाळीचा पत्ता नाही, पण मारुतीराय हजर! कंपनीच्या मुंबईतल्या पैशावर पुढे तराजू आला, आणि व्यापाऱ्याला तोच शोभतो. काकांच्या हातातलं हे देवस्थानी टोकन. पूजेत ठेवा, बाजारात नको.

‘‘पण हे तांदूळ ओढतं!’’ काका म्हणाले. या ‘राइस पुलर’च्या, म्हणजे तांदूळ खेचणाऱ्या ‘चमत्कारी’ धातूच्या, नादाने शहाणीसुरती माणसं लाखांना बुडाली आहेत, पोलिसांत गुन्हे नोंदले गेले आहेत. काकांनी तिथल्याच अक्षता टेबलावर पसरल्या आणि वर टोकन धरलं. एक दाणा हलेल तर शपथ.

‘‘बासमती नाहीये ना,’’ काका म्हणाले.

खरं तर ओळख सोपी आहे. नाणं राज्य पाडतं आणि त्याची किंमतही राज्यच ठरवतं. शिवराईवर कुठे किंमत लिहिलेली आहे? ‘श्री राजा शिव’ एवढं पुरे होतं. टोकन पाडतो कोणी दुकानदार, कंपनी, कॅन्टीनवाला. ते त्याच्या खिडकीपुरतं चालतं. आणि पदकाच्या बदल्यात कोणी काहीच देत नाही, नुसतं कौतुक करतं. या हिशेबाने धनत्रयोदशीला सराफाकडून आणलेलं लक्ष्मीचं चांदीचं नाणं पदकांच्या खणात जायला हवं. घरात हे मी एकदा बोललो. ते देव्हाऱ्यातच आहे.

माझा जीव टोकनांवर. जुन्या बाजारात मिळालेलं बँकेचं एक पितळी टोकन माझ्याकडे आहे: वर भोक, मध्ये ठोकलेला ४७, आणि लोकांनी नंबर पुकारेपर्यंत अंगठ्याने घासून गुळगुळीत केलेली कड. किती जणांचा पगार ताटकळला असेल त्याच्यावर! अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा लोकांनी सुटे दडवले, म्हणून दुकानदारांनी स्वतःची तांब्याची टोकनं काढली. १८६३च्या काही टोकनांवर ठळक ‘वन सेंट’ आणि त्याच्या डोक्यावर डोळे ताणून वाचावं असं बारीक ‘नॉट’. वकिलाला विचारून केलेला बेरकीपणा. सरकारने १८६४ साली कायदाच करून हा धंदा बंद पाडला. इटलीत तर टेलिफोनचं टोकन, ‘जेत्तोने’, चहाकॉफीच्या हिशेबात सर्रास चाले. कोणी ‘हे काय देताय’ म्हणत नसे.

उलट आपल्या सरकारने बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीनिमित्त हजार रुपयांचं नाणं काढलं. अस्सल, कायदेशीर. ते घेऊन भाजीवालीकडे जाऊन दाखवा. चार आण्यांचं तर ३० जून २०११ला चलनातलं नावही गेलं, तरी आमच्या वहीत ते नाणंच.

मग वाणी सुट्ट्यांऐवजी देतो ती गोळी कुठल्या खणात? माझा आक्षेप असा, की टोकन देणाऱ्याने ते परत घ्यायला हवं. गोळी एकतर्फी येते. म्हणून कोपऱ्यावरच्या वाण्याला त्याच्याच चार गोळ्या दिल्या आणि काडेपेटी मागितली. त्याने त्या काउंटरवर मांडल्या, एकेक उलटून पाहिली, तीन बरणीत टाकल्या आणि चौथी माझ्याकडे सरकवली.

‘‘साहेब, ही फाटकी आहे. बदलून द्या.’’